विद्यार्थी भीमराव

सन १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या उतारूंमध्ये बावीस वर्षांचा एक मराठी तरुण होता. कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेण्यासाठी तो मुंबईहून इतक्या दूर आला होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. भारताच्या संविधानाचे शिल्पकार म्हणून पुढे ज्यांची कीर्ती घरोघरी पोहोचली, तेच हे बाबासाहेब आंबेडकर होत. बाबासाहेब मोठे कायदेपंडित होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या विषयाचा त्यांनी तारुण्यात सर्वांत अधिक काळ अभ्यास केला आणि ज्या विषयात दोन खंडांतील दोन विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवल्या, तो विषय होता अर्थशास्त्र. पैशाचा व्यवहार आणि राज्याचा कारभार या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून समजत नाहीत, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच ओळखले होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. आपल्या मुलांनी शिकावे, असा त्यांचा कटाक्ष असे. हे कुटुंब त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतील होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वर्गात इतर मुलांबरोबर बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते निराळे बसत. तहान लागली, तरी नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळावयाचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावयाचे. पुढे कुटुंब मुंबईस आले. भीमरावांना संस्कृत शिकण्याची फार इच्छा होती. परंतु तीही पुरी होऊ शकली नाही, म्हणून त्यांनी फारसी भाषा घेतली. अशा परिस्थितीत ते मॅट्रिक झाले, आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधरही झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्याप्रेमी गृहस्थांनी त्यांची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली होती, आणि महाराजांनी त्यांस दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली होती. १९१३ साली याच महाराजांनी त्यांना परदेशी पाठवण्याचे ठरवले. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती मिळावयाची आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार झाला.

कोलंबिया विद्यापीठात त्या काळी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा हे विषय राज्यशास्त्राच्या एकाच विद्याशाखेत शिकवले जात. एखाद्या देशात धान्य महाग का होते, हे समजून घ्यावयाचे तर त्या देशात कायदे कोण करतो आणि कर कोण बसवतो, हेही ठाऊक असले पाहिजे, असे तेथील विद्वान मानीत. भीमरावांना ही पद्धती मानवली. तीन वर्षांत त्यांनी तेथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम केले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रम निराळाच. म्हणजे एकूण साठ अभ्यासक्रम झाले! राज्यशास्त्राचे अभ्यासक्रम तीनच दिसतात. पण या आकड्यावरून फसू नये. त्यांनी अर्थशास्त्रात जे विषय निवडले, त्यांत सरकारचे हिशेब आणि सरकारचा कारभार यांनाच मोठे स्थान होते.

न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडावे, पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घ्यावीत आणि रात्र रात्र वाचीत बसावे, हाच त्यांचा छंद होता. या काळात पंजाबचे प्रसिद्ध देशभक्त लाला लजपतराय हेही न्यूयॉर्कला राहत होते. त्यांच्या चळवळीत सामील होण्याचा मोह एखाद्या तरुणास सहज पडला असता. भीमरावांनी मात्र शिक्षण पुरे होईपर्यंत अन्य कशातही न पडण्याचा निश्चय केला होता. १९१५ साली ते एम.ए. झाले. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची जमाखर्चाची व्यवस्था या विषयावर त्यांनी लेखन केले होते.

त्यानंतर पीएच.डी.साठी त्यांनी जो विषय घेतला, तो वरवर पाहता रुक्ष वाटेल. हिंदुस्थान सरकार आणि मुंबई, मद्रास, बंगाल यांसारखे प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत आली, हा तो विषय होय. करविषयाचे नामांकित पंडित प्राध्यापक सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. या रुक्ष विषयात एक मोठी मौजेची आणि तितकीच गंभीर गोष्ट दडलेली होती. १८३३ च्या कायद्याने सर्व खजिना मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला. खर्च करणारे प्रांत वेगळे आणि पैसा पुरवणारे सरकार वेगळे, अशी स्थिती झाली. घरातील मुलाने कमवावयाचे नाही, केवळ मागावयाचे, असे झाले तर तो काटकसर कशाला करील? जो प्रांत अधिक जोराने मागणी करी, त्याला अधिक मिळे. १८७१ साली लॉर्ड मेयो यांनी प्रांतांना ठरावीक रकमा तोडून देण्याची पद्धत सुरू केली. १८७७ साली उत्पन्नाच्या काही बाबी प्रांतांकडे सोपवण्यात आल्या, आणि १८८२ पासून काही बाबींचे उत्पन्न दोघांत वाटून घेतले जाऊ लागले. भीमरावांनी जुने सरकारी कागद धुंडाळून हा सारा इतिहास उलगडला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. वाटणी कशीही केली, तरी ज्या सरकारला रयतेपुढे जाब द्यावा लागत नाही, ते सरकार रयतेच्या हिताचा खर्च करीलच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. हा प्रबंध त्यांनी १९१६ साली सादर केला. त्याचा ग्रंथ होऊन बाहेर पडावयास १९२५ साल उजाडले आणि पदवी प्रत्यक्ष हाती आली १९२७ साली. हा ग्रंथ त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे.

कोलंबियातील अभ्यास संपताच १९१६ च्या ऑक्टोबरात भीमराव लंडनला गेले. तेथील एका संस्थेच्या नावातच या दोन शास्त्रांची जोडी आहे. लंडनची अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शाळा हे तिचे नाव. सिडनी व बिॲट्रिस वेब हे दांपत्य आणि त्यांचे मित्र यांनी १८९५ साली ती स्थापन केली होती. तिला शाळा म्हणत असले, तरी ती लंडन विद्यापीठाचा भाग होती. भीमरावांनी तेथे नाव घातले. त्याच वेळी बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन या संस्थेतही प्रवेश घेतला. पण अभ्यास जेमतेम रंगात येत होता, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते, ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकेही समुद्राच्या तळाशी गेली.

करारानुसार भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कोणी त्यांची जात विचारली नव्हती. बडोद्याला मात्र कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकीत. राहावयास कोणी जागा देईना. अखेर नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहाबारा लोक दारात उभे राहिले आणि त्यांनी त्यांना तेथून घालवून दिले. जगातील दोन थोर विद्यापीठांत शिकलेला हा विद्वान त्या दिवशी कमाटीबागेत एका झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. राज्याच्या खजिन्याचा हिशेब ज्याला बिनचूक मांडता येत होता, त्याला त्या शहरात भाड्याची एक खोली मिळू शकली नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रारंभी विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी फारसा आदर वाटत नव्हता. परंतु त्यांची व्यासंगपूर्ण व्याख्याने ऐकण्यासाठी लवकरच अन्य महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसू लागले. त्याच वर्षी त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील शेते फार लहान आहेत, ती एकत्र करून मोठी केली म्हणजे दारिद्र्य हटेल, असे त्या काळी पुष्कळ जाणते लोक म्हणत. भीमरावांनी वेगळाच मुद्दा मांडला. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात किती, यांवर ते ठरते. जमिनीवर गरजेपेक्षा फार अधिक माणसे अवलंबून आहेत. तुकडे जोडल्याने या रिकाम्या हातांना काम मिळणार नाही. त्यांच्यासाठी उद्योगधंदे वाढवले पाहिजेत. अठ्ठावीस वर्षांच्याही आतील तरुणाचे हे विचार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे नवल वाटते.

इकडे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे हेच प्राध्यापक १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देण्यास गेले. मतदानाचा हक्क कोणाला द्यावा, याची चौकशी ती समिती करीत होती. अस्पृश्य समाजाला मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळाले पाहिजेत, अशी मागणी त्यांनी तेथे केली. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. त्याला कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी द्रव्यसाहाय्य केले होते.

तथापि लंडनचा अपुरा अभ्यास भीमरावांना स्वस्थ बसू देत नव्हता. पगारातून त्यांनी पै पै वाचवली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. या पैशांवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. घरी त्यांच्या पत्नी रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार चालवीत होत्या. त्यांच्या सोसण्यावाचून हा अभ्यास पार पडला नसता.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम कठोर होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते आत शिरत आणि ते बंद होताना सर्वांच्या शेवटी बाहेर पडत. दुपारचे जेवण बहुधा टळतच असे. त्याला पैसे लागत आणि वेळही लागे. रात्री भूक असह्य झाली म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड भाजून ते दुधाबरोबर खात आणि पुन्हा वाचावयास बसत. १९२१ साली लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवली. मग डी.एस्सी. या त्याहून वरच्या पदवीसाठी त्यांनी रुपयाचा प्रश्न हा विषय घेतला.

रुपयाला कसला आला आहे प्रश्न, असे कोणालाही वाटेल. पण तो प्रश्न मोठा बिकट होता. त्या काळी रुपया चांदीचा असे आणि इंग्लंडचा पौंड सोन्याशी बांधलेला होता. १८७३ नंतर चांदी स्वस्त होऊ लागली. पूर्वी एक रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडाला १० रुपये पडत. रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर आला, की त्याच पौंडाला १५ रुपये मोजावे लागत. निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज, इंग्लंडात खरेदी केलेले सामान, या सर्वांचे पैसे हिंदुस्थान सरकारला पौंडांत द्यावे लागत. रुपया घसरला म्हणजे तितकेच पौंड पाठवण्यासाठी अधिक रुपये गोळा करावे लागत, आणि ते अखेर करांच्या रूपाने रयतेकडूनच यावयाचे. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. त्या साली ती बंद झाली. नंतर रुपये पाडणे वा न पाडणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर राहिले.

येथेच भीमरावांनी बोट ठेवले. सरकारने गरजेहून अधिक रुपये पाडले, तर बाजारात वस्तू महागतात. व्यापाऱ्याला त्याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण तोही आपल्या मालाची किंमत वाढवतो. मजुराची मजुरी मात्र महागाईच्या मागून रखडत चालते. म्हणून चलन किती काढावे, हा अधिकार राज्यकर्त्यांच्या लहरीवर न ठेवता त्याला नियमाचे बंधन घातले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. केंब्रिजचे विख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील चलनपद्धतीची तरफदारी केली होती. तिच्याविरुद्ध मत देण्यास हा विद्यार्थी कचरला नाही.

१९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला आणि तो पुन्हा लिहून काढावा असे सांगितले. ब्रिटिश सरकारच्या धोरणावरील त्यांची टीका फार झोंबणारी ठरली होती. भीमरावांजवळचे पैसे तर संपत आले होते. लंडनमध्ये राहून प्रबंध नव्याने लिहिणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. मुंबईतच त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली. आपले निष्कर्ष मात्र सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे गुरू प्राध्यापक कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. शिष्याची कित्येक मते आपणास मान्य नाहीत, हे त्यांनी तीत मोकळेपणाने नमूद केले आणि त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुकही केले. असे गुरुशिष्य विरळाच.

१९२५ साली हिंदी चलनाची चौकशी करण्यासाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग आला. त्यापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. व्यापारी म्हणत, रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा असावा. सरकार म्हणे, तो सहा पेन्स अधिक एका शिलिंगाचा असावा. या वादात रुपया स्वस्त केल्याने होणारा लाभ कोणाच्या खिशातून येतो, हे आंबेडकरांनी विचारले. तो राबणाऱ्यांच्या मजुरीतून येतो, असे त्यांचे उत्तर होते. देशाला एक मध्यवर्ती बँक हवी, अशी शिफारस त्या आयोगाने केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती बँक आंबेडकरांनीच स्थापली असे काही जण सांगतात, ते अतिशयोक्तीचे आहे. तिच्यामागे अनेकांचे विचार होते, त्यांत त्यांचेही होते, एवढे म्हणणे योग्य ठरेल.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात आले आणि अंदाजपत्रकावर बोलले. ठरावीक रकमेपेक्षा कमी मिळकत असणाऱ्या व्यापाऱ्याला प्राप्तिकर माफ होतो, मग पीक बुडाले तरी लहान शेतकऱ्याकडून सारा का वसूल करावा, हा त्यांच्या भाषणाचा रोख होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. कोकणात खोत नावाचे वतनदार कुळांकडून सारा गोळा करीत आणि त्यांची पिळवणूकही करीत. ही पद्धती नष्ट करण्यासाठी त्यांनी १९३७ साली कायद्याचा मसुदा मांडला आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. मसुदा त्या वेळी संमत झाला नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा याच सुमारास झाला. १९४६ साली त्यांच्या शिक्षणसंस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. केंद्र आणि राज्ये यांनी करांचे उत्पन्न कसे वाटून घ्यावे, हा त्यांच्या तरुणपणीच्या प्रबंधाचा प्रश्न आता स्वतंत्र भारतापुढे उभा होता. ही वाटणी ठरवण्यासाठी दर पाच वर्षांनी, किंवा आवश्यक तर त्याआधी, वित्त आयोग नेमावा, अशी तरतूद संविधानात करण्यात आली. सरकारचे हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी संविधान सभेत मांडले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सभासदांना सावध केले, की मतदानात सर्वांची किंमत सारखी झाली तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणारच आहे, आणि ती फार काळ तशीच राहिली तर उभारलेली लोकशाहीच धोक्यात येईल.

पहिला वित्त आयोग १९५१ च्या नोव्हेंबरात नेमला गेला. बाबासाहेब त्यापूर्वीच मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळे झाले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथाची नवी आवृत्ती त्यांनी १९४७ साली काढली होती. त्या वेळी भारतीय चलन आणि बँकव्यवहार यांच्या इतिहासाचा तो पहिला खंड ठरवून, १९२३ नंतरची हकीकत दुसऱ्या खंडात लिहिण्याचा त्यांचा बेत होता. राज्यघटनेच्या आणि समाजकार्याच्या गर्दीत तो दुसरा खंड लिहावयाचा राहून गेला.